ताटात उरलेलं कोण पाहतं? आहार सहायकाच्या कामाचा इतिहास

गेल्या महिन्यात रिसोड तालुक्यातल्या एका गावची मुलगी आजीला घेऊन तपासणीला आली होती. आजीची साखर आणि रक्तदाब पाहून झाले, औषधे लिहून दिली. उठता उठता मुलगी म्हणाली, "सर, माझी बारावी झाली. मोठ्या दवाखान्यात आहार सहायक म्हणून काम असतं म्हणे. त्याला काय यावं लागतं? म्हणजे ताटं वाटायचंच काम ना ते?"

बाहेर रांग होती, त्यामुळे मी दोन वाक्यांत उत्तर दिले. ते उत्तर अपुरे होते हे मला तेव्हाच कळत होते. या कामाला कोणती कौशल्ये लागतात हे समजून घ्यायचे असेल, तर हे काम कशातून जन्माला आले ते पाहावे लागते. म्हणून आजचा लेख थोडा इतिहासाचा आहे. पण सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

केस पेपरवर लिहिलेला आहार

मी शिकाऊ डॉक्टर होतो तेव्हाची गोष्ट. एका मोठ्या रुग्णालयात खुब्याचे हाड मोडलेल्या सत्तरीच्या एक आजी दाखल होत्या. शस्त्रक्रिया नीट झाली. केस पेपरवर मी स्वतःच्या हाताने लिहिले, "जास्त प्रथिनांचा आहार". रोज सकाळी राउंडला गेलो की विचारायचो, "आजी, जेवण चाललंय ना?" त्या मान हलवायच्या.

आठव्या दिवशी जखम भरत नाही असे दिसले. आजी गळून गेल्या होत्या. त्या दिवशी मी योगायोगाने जेवणाच्या वेळी वॉर्डात होतो. ताट आले आणि पायाकडच्या टेबलावर ठेवले गेले. तिथपर्यंत आजींचा हात पोहोचत नव्हता. अर्ध्या तासाने भरलेले ताट तसेच उचलून नेले. मी जवळ जाऊन विचारले तेव्हा त्या वऱ्हाडीत म्हणाल्या, "बापू, दात घरीच राह्यले. भाकर चावत नाही मले."

डॉक्टरने आहार लिहिला होता, स्वयंपाकघराने तो शिजवला होता आणि वाढणाऱ्याने तो आणून ठेवला होता. प्रत्येकाने आपापले काम केले आणि आजी आठ दिवस जवळजवळ उपाशी राहिल्या. कारण अन्न तोंडात गेले की नाही हे पाहणे कोणाचेच काम नव्हते. आहार सहायक म्हणजे हेच पाहणारा माणूस. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ही रिकामी जागा पुन्हा पुन्हा लोकांच्या लक्षात आली. ती दर वेळी कशी लक्षात आली, हाच या कामाचा इतिहास आहे.

स्कुटारी: पहिला धडा

१८५४ ते १८५६ या काळात क्रिमियाचे युद्ध चालू होते. जखमी ब्रिटिश सैनिकांना इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात आणले जात असे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल तिथे परिचारिकांची तुकडी घेऊन गेल्या, हे आपण शाळेत शिकतो. पण त्यांनी तिथे स्वयंपाकघराकडे किती लक्ष दिले, हे फारसे सांगितले जात नाही.

तिथे सगळ्यांचे मांस मोठ्या हंड्यांत एकत्र उकळले जाई. आपला वाटा ओळखू यावा म्हणून प्रत्येक गट त्याला चिंधी, बटण असे काहीबाही बांधून ठेवत असे. वाटा मोजताना हाडाचे वजनही धरले जाई, म्हणजे एकाला मांस आणि दुसऱ्याला नुसते हाड येऊ शके. काही तुकडे कच्चे राहत, काही चिवट होत. ज्याचा जबडा फुटला आहे किंवा जो तापाने फणफणला आहे, तो ते कसे खाणार? नाइटिंगेल यांनी अशा रुग्णांसाठी वेगळी लहान स्वयंपाकघरे चालवली. तिथे पेज, सूप, रव्यासारखे मऊ पदार्थ वेळेवर तयार होत.

१८५५ मध्ये लंडनचा प्रसिद्ध आचारी अलेक्सिस सोयर तिथे पोहोचला. १८४७ च्या आयर्लंडमधील दुष्काळात त्याने मोठे सूपगृह उभारले होते, त्यामुळे शेकडो माणसांचे रांधण्याचा त्याला अनुभव होता. त्याने ठरावीक संख्येसाठी ठरावीक मापाच्या पाककृती लिहून दिल्या आणि सैनिकांतून स्वयंपाकी शिकवून तयार केले. आजही रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात प्रमाणित पाककृतीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो. त्याची गरज तिथे दिसून आली.

१८५९ मध्ये नाइटिंगेल यांचे शुश्रूषेवरील छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णाच्या खाण्यावर स्वतंत्र प्रकरणे आहेत. त्यांचे सांगणे थोडक्यात असे: रुग्णाने नाकारलेले अन्न, तो नंतर खाईल या आशेने त्याच्या उशाशी ठेवून देऊ नका. तो कोणत्या वेळी खाऊ शकतो ते शोधा, वेळ चुकवू नका आणि त्याने प्रत्यक्ष किती खाल्ले त्यावर नजर ठेवा. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, पण माझ्या आजींच्या वॉर्डात नेमके हेच राहून गेले होते.

आपल्याकडचे दुष्काळ आणि एक पौंड धान्य

आपल्या मुलखात अन्न मोजण्याचा प्रश्न रुग्णालयांआधी दुष्काळी कामांवर उभा राहिला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खन आणि मद्रास इलाख्यात भीषण दुष्काळ पडला. सरकारी अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी खर्च वाचवण्यासाठी दुष्काळी कामावरील मजुराची रोजी कमी केली. दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडे पैसे. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला कडाडून विरोध केला. दिवसभर खडी फोडणाऱ्या माणसाला एवढे धान्य पुरणार नाही आणि नुसत्या धान्यावर शरीर टिकत नाही, सोबत डाळ-भाजीही हवी, असे त्यांचे म्हणणे होते. इकडे पुण्याची सार्वजनिक सभाही दुष्काळग्रस्तांची खरी परिस्थिती सरकारला लेखी कळवत होती.

हा वाद पैशांचा वाटतो, पण तो आहारशास्त्राचाही होता. टेंपल यांच्यासमोर हिशेबाचा कागद होता, तर कॉर्निश माणसांच्या शरीरांकडे पाहत होते. वजन घटते आहे का, पायांवर सूज येते आहे का, अशा खुणांवरून आहार पुरतो की नाही हे ठरते. त्यानंतर दुष्काळ आयोग नेमला गेला आणि दुष्काळी संहिता तयार झाली. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाडही होरपळून निघाले. तेव्हा आपला भाग बासीम जिल्ह्यात होता. तो जिल्हा १९०५ मध्ये मोडून अकोल्यात विलीन झाला आणि वाशिम या नावाने स्वतंत्र जिल्हा परत मिळायला १ जुलै १९९८ उजाडावे लागले.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण असलेली माणसे अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारा, ती 'सुकडी' आणि 'मिलो' हे दोन शब्द लगेच काढतील. मिलो म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्या भाकरीची चव अनेकांना आवडली नव्हती, आणि ती नावड पन्नास वर्षांनंतरही त्यांच्या लक्षात आहे. अन्न नुसते पुरेसे असून भागत नाही, ते खाणाऱ्याला आपले वाटावे लागते.

तक्ते आले, मापे आली

पोटात किती गेले हे सांगायचे तर कोणत्या पदार्थात काय आहे हे माहीत हवे. हे काम भारतात कुन्नूरला झाले. डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी निलगिरीतल्या या गावी आहार संशोधनाचा पाया घातला. त्यांच्यानंतर आलेल्या डॉ. वॉलेस ॲक्रॉइड यांच्या काळात, १९३७ मध्ये, भारतीय पदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. ती प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आज ती राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाते. १९७१ मध्ये डॉ. सी. गोपालन आणि सहकाऱ्यांनी तक्त्यांचे नवे रूप प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये ५२८ खाद्यपदार्थांचे नवे तक्ते आले. आहारतज्ज्ञ आजही हेच वापरतात.

कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेत एक मराठी नावही आहे. डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाईंच्या धाकट्या बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. पुढे कुन्नूरला आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी डाळी, नीरा अशा गरिबाच्या ताटातल्या पदार्थांवर संशोधन केले. आणि मराठीत लिहून ते ज्ञान घराघरात पोहोचवले. प्रयोगशाळेतले मिलिग्रॅम स्वयंपाकघरातल्या वाटीत आणून देणे हेही आहार सहायकाच्या कौशल्यांपैकीच एक आहे.

कारण रुग्णाला "६० ग्रॅम प्रथिने घ्या" असे सांगून काहीच कळत नाही. एक वाटी घट्ट वरण म्हणजे किती, मुठभर फुटाणे म्हणजे किती, एका भाकरीला किती पीठ लागते, हे सांगता यावे लागते. आपल्या भागात तूर, मूग, सोयाबीन, ज्वारी, शेंगदाणा, जवस हे शेतातच पिकते. महागडी पावडर आणण्याआधी घरातले काय चालेल, हे सांगणारा माणूस रुग्णाचा खर्चही वाचवतो.

१९४५: हिशेब बरोबर, घास चुकीचा

तक्ते आले म्हणून प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १५ एप्रिल १९४५ रोजी, ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बेर्गन-बेल्सन छळछावणीत शिरले. हजारो माणसे हाडांचे सापळे झालेली होती. सैनिकांनी दयेपोटी आपल्याजवळचे डबाबंद, तुपकट अन्न त्यांना दिले. ते अनेकांना सोसले नाही.

याचे कारण आज आपल्याला माहीत आहे. दीर्घ उपासमारीत शरीर आपली सगळी यंत्रणा मंद करते. अशा शरीरात एकदम भरपूर अन्न, विशेषतः पिष्टमय पदार्थ गेले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींमध्ये शिरते. रक्तातली त्यांची पातळी घसरते, हृदयाचे ठोके बिघडतात, श्वासाचे स्नायू दुबळे पडतात आणि माणूस दगावूही शकतो. म्हणून फार दिवसांच्या उपाशी रुग्णाला हळूहळू, मोजून वाढवावे लागते.

मग बेल्सनला 'बंगाल फॅमिन मिक्श्चर' आणले गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातील अनुभवातून तयार झालेले दुधाची भुकटी, पीठ आणि साखर यांचे हे मिश्रण. हिशेबाने ते चांगले होते. पण पूर्व युरोपातल्या त्या माणसांना ते फार गोड लागले आणि अनेकांनी ते तोंडाला लावले नाही.

त्या छावणीत लंडनच्या वैद्यकीय महाविद्यालयांतले सुमारे शंभर विद्यार्थी मदतीला आले होते. एकेका झोपडीची जबाबदारी घेऊन ते अन्न नीट वाटले जाते का, अशक्त माणसाचा वाटा दुसराच कोणी खात नाही ना, कोणाला काय पचते, हे पाहत. म्हणजे ती मुले डॉक्टर होण्याआधी आहार सहायकाचे काम करत होती. तरीही छावणी मुक्त झाल्यानंतर उपासमार, टायफस आणि इतर आजारांनी १३ हजारांहून अधिक माणसे दगावली. या घटनेतून दोन कौशल्ये पुढे आली. एक, घाई न करणे. दुसरे, रुग्णाने अन्न नाकारले तर त्याला दोष न देता कारण शोधणे.

भरल्या रुग्णालयातले उपाशी

युद्ध आणि दुष्काळ सोडून शांततेच्या काळात येऊ. श्रीमंत देशांतल्या सुसज्ज रुग्णालयांत तर कोणी उपाशी राहत नसेल?

१९७४ मध्ये अमेरिकेतले डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी एका गाजलेल्या लेखात दाखवले की रुग्णालयांत रुग्णांचे कुपोषण होते आणि डॉक्टरांच्या ते लक्षातही येत नाही. वजन नोंदवलेले नसते, तपासण्यांसाठी रुग्णाला वारंवार उपाशी ठेवले जाते, दिवसेंदिवस नुसत्या सलाइनवर ठेवले जाते. १९९४ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथे ५०० रुग्णांची दाखल होतानाच पाहणी झाली. त्यातले २०० आधीच कुपोषित होते.

आणि मग २००६ मध्ये वेल्समधील कार्डिफचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला माझ्या त्या आजी आठवतात त्या याच अभ्यासामुळे. खुब्याचे हाड मोडलेल्या, वयाची पासष्टी ओलांडलेल्या ३०२ स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची शुश्रूषा मिळाली. दुसऱ्या गटाला त्यासोबत आहार सहायकाची मदत मिळाली. या सहायकांनी कोणतेही नवे औषध दिले नाही. त्यांनी आवडनिवड विचारली, स्वयंपाकघराशी बोलून तसे ताट मागवले, रुग्णाला नीट बसवले, धरायला सोपा चमचा दिला, लागेल तिथे घास भरवला आणि काय खाल्ले ते लिहून आहारतज्ज्ञाला कळवले.

पहिल्या गटातील स्त्रियांच्या पोटात दिवसाला सरासरी ७५६ किलोकॅलरी जात होत्या, दुसऱ्या गटात १,१०५. अस्थिभंगाच्या वॉर्डात असताना पहिल्या गटात १०.१ टक्के स्त्रिया दगावल्या, सहायक असलेल्या गटात ४.१ टक्के. चार महिन्यांनंतर हेच प्रमाण २२.९ आणि १३.१ टक्के होते. हा एकाच रुग्णालयातला अभ्यास आहे. तो जसाच्या तसा आपल्याकडे लावता येणार नाही. पण घास भरवणाऱ्या, ताटावर नजर ठेवणाऱ्या माणसाने जीव वाचू शकतो, हे त्याने मोजून दाखवले.

जामखेड, मेळघाट आणि ६५ मिलिलिटर

हे सगळे परदेशातच घडले असे नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच स्त्रियांना, ज्यांतल्या बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. मुलांची वजने घेणे, आईशी तिच्या भाषेत बोलणे, घरात आहे त्यातून बाळाला काय द्यायचे ते दाखवणे, ही कामे त्या करू लागल्या. शिक्षण महत्त्वाचेच आहे, पण या कामात निरीक्षण आणि विश्वास यांचे मोल किती आहे, हे जामखेडने दाखवले.

आपल्या अमरावती विभागात मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या १९९० च्या दशकात राज्यभर गाजल्या. पुढे राज्यात पोषण मिशन आले आणि तीव्र कुपोषित बालकांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रे उभी राहिली. अशा केंद्रात डॉक्टर आणि परिचारिकांच्या जोडीला पोषण समुपदेशक आणि स्वयंपाक करणारी कर्मचारीही असावी, असे राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

तिथले काम किती नेमके असते याचे एक उदाहरण देतो. सहा किलो वजनाचे, अंगावर सूज नसलेले तीव्र कुपोषित बाळ आहे. सुरुवातीला त्याला 'एफ-७५' नावाचे दूध देतात. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असतात. दिवसाचे प्रमाण किलोमागे १३० मिलिलिटर, म्हणजे ७८० मिलिलिटर. दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, म्हणजे बारा वेळा. प्रत्येक वेळी ६५ मिलिलिटर. त्यातले बाळाने १५ सांडले किंवा ओकले तर नोंद ६५ ची नाही, ५० ची करायची. पहाटे तीन वाजता ही नोंद कोणी डोळे झाकून ६५ लिहिली, तर सकाळी डॉक्टरचा निर्णय चुकतो. (हा हिशेब समजावण्यासाठी दिला आहे. घरी असा प्रयोग करू नये, अशा बाळाला केंद्रातच न्यावे.)

मग त्या मुलीला काय यायला हवे?

या इतिहासातून उत्तर आपोआप तयार होते.

१. मोजणे आणि खरे लिहिणे. वजन, उंची, दंडाचा घेर, ताटातले किती गेले आणि किती उरले. साधे गुणाकार-भागाकार बिनचूक हवेत. "अर्धे खाल्ले" आणि "पाव खाल्ले" यांतला फरक डोळ्यांनी ओळखता यावा.

२. आहाराचे प्रकार ओळखणे. मूत्रपिंडाच्या रुग्णाला शहाळे बाधू शकते, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. लकवा मारलेल्या रुग्णाला वरणाचे पातळ पाणी ठसका लागून फुप्फुसात जाऊ शकते. अशा रुग्णांसाठी अन्नाच्या पातळ-घट्टपणाच्या ० ते ७ अशा आंतरराष्ट्रीय पातळ्या ठरलेल्या आहेत. दोन ताटे दिसायला सारखी असतात, त्यांची अदलाबदल झाली तर मात्र अनर्थ होतो. म्हणून ताट ठेवण्याआधी नाव आणि नोंदणी क्रमांक ताडून पाहण्याची सवय हवी.

३. स्वच्छता आणि तापमान. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू वेगाने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नये. घरी निरोगी माणसाला पचलेले शिळे वरण रुग्णाला पचेलच असे नाही.

४. बोलणे आणि ऐकणे. "का नाही खाल्लं?" असे दरडावून विचारले की रुग्ण "भूक नाही" एवढेच सांगतो. "मावशी, घरी काय आवडतं तुम्हाला?" असे विचारले की तोंड आले आहे, दात नाहीत, उपवास आहे, मळमळते, लेकराची काळजी लागली आहे, असे खरे कारण बाहेर येते.

५. आपली मर्यादा ओळखणे. आहार ठरवणे हे आहारतज्ज्ञाचे आणि डॉक्टरचे काम. सहायकाने मनाने बदल करायचा नाही, पण जे दिसले ते वेळेवर सांगायचे.

६. शरीराची आणि मनाची तयारी. दिवसभर उभे राहावे लागते, पाळ्या असतात, ट्रॉली ढकलावी लागते. आणि काल ज्याला भरवले तो आज खाटेवर नसतो, हेही पचवावे लागते.

शिक्षणाबद्दल थोडे. 'डाएट असिस्टंट' हे आता आरोग्य क्षेत्रातल्या कौशल्य प्रशिक्षणात स्वतंत्र काम म्हणून धरले जाते. पूर्ण आहारतज्ज्ञ व्हायचे असेल तर मात्र पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञानातली पदवी आणि पुढचे शिक्षण लागते. नागपूरच्या लेडी अमृताबाई डागा महाविद्यालयासारख्या ठिकाणी गृहविज्ञान शिकवले जाते. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आहारतज्ज्ञांना आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत स्थान दिले आहे. कोणत्याही संस्थेत पैसे भरण्याआधी अभ्यासक्रमाला मान्यता कोणाची आणि प्रत्यक्ष रुग्णालयात काम किती तास, हे दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. सहा महिन्यांत 'आहारतज्ज्ञ' करून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा.

२०२४ मध्ये वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शेजारी हिंगोली आणि बुलढाण्यालाही झाले. मोठी रुग्णालये जवळ येत आहेत. खाटा वाढतील तशी ताटेही वाढतील आणि त्या ताटांवर नजर ठेवणारी माणसे लागतील.

तोपर्यंत नातेवाईकांनी काय करावे?

सगळीकडे आहार सहायक नसतो. आपल्याकडे बहुतेक वेळा रुग्णाजवळ बसलेली सून, लेक किंवा भाऊच ते काम करतो. आपला माणूस दाखल असेल तर एवढे करा. दाखल होताना वजन नोंदवून घ्या. दात, चष्मा, कानाचे यंत्र सोबत न्या. जेवताना रुग्णाला शक्य तितके सरळ बसवा आणि ताट हाताशी ठेवा. घरचा डबा द्यायचा असेल तर आधी विचारा. आणि एका वहीत रोज लिहा: सकाळ, दुपार, संध्याकाळ, किती खाल्ले. सलग दोन दिवस निम्म्याहून कमी खाणे झाले तर डॉक्टर राउंडला येण्याची वाट न पाहता ती वही नर्सताईंना दाखवा.

त्या आजींचे दात तिसऱ्या दिवशी एसटीने गावाहून आले. तोपर्यंत वॉर्डातल्या एका मावशी त्यांना दुधात कुस्करलेली भाकरी चमच्याने भरवत होत्या. त्यांच्या कामाच्या यादीत ते नव्हते. जखम हळूहळू भरली, आजी काठी टेकत घरी गेल्या. सुटी देतानाच्या कागदावर मी शस्त्रक्रियेचे आणि औषधांचे सगळे तपशील लिहिले. चमच्याबद्दल लिहायला त्या कागदावर रकाना नव्हता.

त्या मुलीला आता माझे उत्तर असे आहे: हो बाई, ताटे वाटायचे काम आहे. पण ताट परत येईपर्यंत ते संपत नाही. ते परत आल्यावर त्यात काय उरले आहे ते पाहायचे, का उरले ते विचारायचे आणि लिहायचे. हे जमणार असेल तर जरूर शिक.